भाचीला सिकलसेल आहे, लोक म्हणतात मागच्या जन्माचं कर्म. प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो का?

पिंपळपान_भंडारा

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय. प्रश्न जरा मोठा आहे, पूर्ण वाचा ही विनंती.

माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला. पोरगी नऊ वर्षांची, अभ्यासात हुशार, पण थंडी पडली की हातपाय असे दुखायला लागतात की घरात रात्रभर कोणाचा डोळा लागत नाही. या डिसेंबरात पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं. आता ते दुखणं आम्हाला माहीत आहे, गोळ्या चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी ताईच्या तोंडावर म्हटलं की मागच्या जन्मी कोणाचा तरी जीव तळमळवला असेल, त्याशिवाय एवढ्याशा लेकराच्या वाट्याला असं येत नाही. पोरगी जागी होती, तिनं ऐकलं. ताई तेव्हा काही बोलली नाही पण तेव्हापासून रोज मला विचारते की आपल्या धम्मातही हेच आहे का गं, कारण वर्षावासात आमच्या विहारात जे प्रवचन झालं त्यात सांगितलं होतं की कारणाशिवाय काहीच घडत नाही, हाच बुद्धाचा कार्यकारणभाव, म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. मग ताई म्हणते कारण असतंच म्हणतात ना, मग त्या बाई वेगळं काय बोलल्या.

मला प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या पाठ आहेत, अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती, जरामरण. लहानपणापासून म्हणतो आपण. पण आजारी लेकराच्या खाटेजवळ बसून त्याचा अर्थ काय लावायचा ते कोणीच सांगितलेलं नाही. बाबासाहेबांनी पूर्वकर्म नाकारलं हे माहीत आहे, मग सुत्तांमध्ये (बुद्धाच्या उपदेशांमध्ये) जे कर्म येतं ते काय आहे? कृपया जाणकारांनी नीट सांगा, मला हे ताईला जाऊन सांगायचं आहे.

उदान_वाचक

ताई, जय भीम. आधी बाळीला लवकर बरं वाटो.

तुमच्या बहिणीचा प्रश्न अगदी जसाच्या तसा, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी, राजगृहाच्या वेळुवनात एका माणसानं भगवंतांना विचारलेला आहे, म्हणून थेट तेच सांगतो. मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक होता, तो येऊन म्हणाला की काही श्रमण ब्राह्मण असं म्हणतात की माणूस जे काही सुख, दुःख किंवा ना सुख ना दुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, तुमचं म्हणणं काय? भगवंतांनी सरळ सांगितलं की असं म्हणणारे लोक स्वतःला जे कळतं त्याच्याही पुढे पळतात आणि जगात जे खरं मानलं जातं त्याच्याही पुढे पळतात, म्हणून त्यांचं म्हणणं खोटं आहे. मग कारणं सांगितली. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्ही बिघडल्यामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही शरीराची नीट काळजी न घेतल्यामुळे, काही बाहेरून मार लागल्यामुळे, आणि काही कर्मविपाकामुळे, म्हणजे कर्माच्या फळामुळे. आठ कारणं, त्यातलं कर्म हे आठवं. आणि प्रत्येक कारणाच्या वेळी ते म्हणतात की हे तुम्ही स्वतः बघून जाणू शकता. म्हणजे त्या काळचं जे वैद्यकाचं ज्ञान होतं ते त्यांनी बाजूला सारलं नाही, उलट त्यालाच पुढे केलं. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या वेदना संयुत्तात हे सीवक सुत्त आहे.

ऋतू बदलल्यामुळे वेदना होते हे वाचून मला तुमच्या पोस्टमधला डिसेंबर आठवला.

आता कार्यकारणभावाबद्दल. "कारणाशिवाय काही घडत नाही" एवढंच सांगून थांबलं की गडबड होते कारण मग ऐकणारा माणूस एकच कारण शोधायला लागतो, आणि एकच कारण शोधायचं म्हटलं की हात जातो तो एकतर देवाकडे नाहीतर मागच्या जन्माकडे. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तित्थायतन सुत्त आहे, त्यात भगवंत तीन मतं खोडतात. सगळं पूर्वकर्मानं घडतं हे एक, सगळं ईश्वरानं घडवलं हे दुसरं, आणि सगळं विनाकारण घडतं हे तिसरं. बघा, पूर्वकर्मवाद आणि ईश्वरवाद एकाच पंगतीत बसवलेत, आणि कारण काय दिलंय तर असं मानलं की मग माणसाला हे करावं आणि हे करू नये असं काही उरतच नाही, प्रयत्न उरत नाही. आणि त्याच सुत्तात ही तीन मतं खोडून झाल्यावर ते स्वतःचं काय सांगतात तर सहा धातू, सहा आयतनं, चार आर्यसत्यं, आणि त्यातल्या दुःखाच्या उत्पत्तीच्या जागी हीच बारा कड्यांची साखळी येते. म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद हा पूर्वकर्मवादाच्या जागी आलेला आहे, त्याची दुसरी आवृत्ती म्हणून नाही.

मूळ सूत्र चारच ओळींचं आहे. हे असेल तर ते होतं, हे उपजलं की ते उपजतं, हे नसेल तर ते होत नाही, हे थांबलं की ते थांबतं. लोक पहिल्या दोन ओळी सांगतात आणि शेवटच्या दोन विसरतात, खरं तर सगळी धडपड त्या शेवटच्या दोन ओळींसाठी आहे. काय बदललं तर हे दुखणं कमी होईल, हा बौद्ध प्रश्न.

लॅबवाला_गडचिरोली

पाली वगैरे मला जास्त येत नाही पण सिकलसेलच्या तपासण्या रोज करतो म्हणून लिहितो. ताई, कारण विचारता ना, तर कारण असं आहे.

हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. एवढाच फरक. आई आणि बाबा दोघंही वाहक असले, म्हणजे एएस, हा फरक करणारं जीन एकेरी असलेले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के, आणि पूर्ण नॉर्मल असण्याची 25 टक्के. हे प्रत्येक वेळी नव्यानं. म्हणजे पहिलं मूल नॉर्मल झालं म्हणून दुसरं आजारी होणार असंही नाही आणि उलटंही नाही. वाहक माणसाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तुमच्या ताईला आणि भाऊजींना लग्नाआधी टेस्ट केली नसेल तर कळण्याचा मार्गच नव्हता.

आणि ऐका, हे जीन आपल्या विदर्भात, पूर्व महाराष्ट्रात, आदिवासी पट्ट्यात आणि आपल्या समाजात एवढं का टिकलं? कारण वाहक माणसाला फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा घातक प्रकार) झाला तरी तो गंभीर व्हायचं प्रमाण बरंच कमी असतं. जंगल, पाणथळ, डास, पिढ्यानपिढ्या मलेरिया, त्यात ज्यांच्यात हे जीन एकेरी होतं ती लेकरं जगली आणि त्यांचीच पुढे लेकरं झाली. म्हणजे जे तुमच्या भाचीला त्रास देतंय तेच तिच्या कुठल्यातरी खापरपणजीला वाचवून गेलेलं असणार. कोणाच्या पापाचा इथे संबंधच कुठे येतो मला सांगा.

पण जीन असलं तरी रोज क्रायसिस, म्हणजे जोराच्या दुखण्याचा झटका, येत नाही ना, ही पण गोष्ट समजून घ्या. पाणी कमी पडलं, अंगाला थंडी लागली, ताप किंवा इन्फेक्शन झालं, फार दमलं, की ऑक्सिजन कमी होऊन पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, मग दुखतं. म्हणून आम्ही सांगतो की बाटली दप्तरात पाहिजे, शाळेत बाईंना सांगून ठेवा की हिला वर्गात पाणी प्यायला आणि लघवीला जायला अडवू नका, थंडीत मोजे स्वेटर, गार पाण्यात पोहणं नको, ताप आला की घरी वाट बघत बसू नका लगेच दवाखाना. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका, त्यानं बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन वाढतं आणि क्रायसिस कमी होतात. डोस आणि तपासण्या डॉक्टर सांगतील तशा.

2023 च्या 1 जुलैला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालंय, त्यात तपासणी फुकट होते. घरातली बाकीची लग्नाची पोरंपोरी असतील त्यांची आधी तपासणी करून घ्या.

निळं_आभाळ

वरच्या दोघांचंही पटलं पण मला एक गोष्ट सोडवत नाही ती सांगतो.

पूर्वकर्माची ही भाषा आपल्याच माणसांवर शेकडो वर्षं चालवली गेली आहे. तुम्ही अस्पृश्य का, मागच्या जन्मीचं. तुम्ही गरीब का, मागच्या जन्मीचं. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात हा मुद्दा अगदी रोखठोक मांडलाय की या सिद्धांताचा उपयोग काय तर गरीब आणि खालच्या माणसाच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकून टाकावी एवढाच दिसतो, आणि बुद्धासारखा करुणेचा माणूस असं काही शिकवेल हे शक्य नाही. कर्म त्यांनी मानलं, पण जगातल्या नैतिक व्यवस्थेचा पाया म्हणून, आत्म्यासोबत फिरणारं गाठोडं म्हणून नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी जो धम्म घेतला तो हे गाठोडं खाली टाकण्यासाठीच घेतला ना. आणि आज आपल्याच घरातली बाई दवाखान्यात येऊन तेच बोलते हे ऐकून राग येतो, त्या बाईचा नाही, इतकं खोल हे रुजलंय त्याचा.

कार्यकारणभाव समाजालाही लागू होतो हे प्रवचनात का सांगत नाहीत? दीघ निकायात चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे, त्यात राजा निर्धनांना धन देत नाही म्हणून दारिद्र्य वाढतं, दारिद्र्य वाढलं म्हणून चोरी वाढते, चोरी वाढली म्हणून शस्त्रं वाढतात, मग हत्या, मग खोटं बोलणं, आणि माणसाचं आयुष्यच कमी होत जातं. कुटदंत सुत्तात राज्यात लुटालूट माजलेली असते तेव्हा पुरोहित राजाला सांगतो की फटके देऊन आणि मारून हे थांबणार नाही, शेती करणाऱ्याला बी आणि चारा दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला पगार दे. हाही प्रतीत्यसमुत्पादच आहे, फक्त त्याला ते नाव दिलेलं नाही.

तर ताई, भाचीच्या दुखण्याची कारणं मोजायची असतील तर हेही मोजा की गावातून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला किती वेळ लागतो, रक्त वेळेवर मिळतं का, गोळ्या स्टॉकमध्ये असतात का, ताईच्या लग्नाच्या वेळी तालुक्यात टेस्टची सोय होती का. ही सगळी कारणंच आहेत आणि ती माणसांनी बदलता येतात. त्यासाठी निवेदन द्यायचं असेल तर मी ड्राफ्ट करून देतो.

थेरवाद_पुणे

नमो बुद्धाय. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका, पण बुद्धवचनातलं सोयीचं तेवढं घ्यायचं आणि बाकीचं झाकायचं हे मला योग्य वाटत नाही.

मज्झिम निकायात चूळकम्मविभंग सुत्त आहे. तोदेय्य ब्राह्मणाचा मुलगा सुभ विचारतो की काही माणसं अल्पायुषी काही दीर्घायुषी, काही फार आजारी काही निरोगी, असं का? आणि भगवंत सांगतात की जो हातानं, दगडानं, काठीनं, शस्त्रानं प्राण्यांना इजा करतो तो पुढे माणूस म्हणून जन्माला आला तर रोगी होतो. हे त्रिपिटकात आहे, ते नाही असं कसं म्हणणार? आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात अनुराधपुरात विसुद्धिमग्ग लिहिला त्यात बारा कड्या तीन जन्मांत बसवून दाखवल्यात, अविद्या आणि संस्कार मागच्या जन्मातले, विज्ञानापासून भवापर्यंत हा जन्म, जाती आणि जरामरण पुढचा. श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथे शतकानुशतकं हेच शिकवलं गेलंय. तुम्हाला ते पटत नसेल तर तसं म्हणा, पण बुद्ध पुनर्जन्म मानतच नव्हते असं म्हणू नका.

अर्थात त्या बाई जे बोलल्या ते चूकच आहे. ती मिथ्यावाचा आहे, खरं असो नसो, दुखावणारं आणि अवेळी बोललेलं.

उदान_वाचक

@थेरवाद_पुणे, तुम्ही चूळकम्मविभंग काढलंत ते बरं केलंत, नाहीतर ताईला पुढे कोणीतरी दुसऱ्यानं ते सुनावलं असतं आणि उत्तर नसतं. सुत्त आहे, ते तसंच आहे, मान्य.

पण त्याच्या पुढचंच सुत्त उघडा, महाकम्मविभंग. त्यात भगवंत म्हणतात की एखाद्या श्रमणाला दिव्यदृष्टीनं दिसतं की हिंसा करणारा एक माणूस मेल्यावर दुर्गतीला गेला, आणि तो लगेच ठरवतो की हिंसा करणारे सगळेच दुर्गतीला जातात, हे माझं ज्ञान, बाकी सगळं खोटं. भगवंत म्हणतात हे मला मान्य नाही, कारण हिंसा करूनही सुगतीला गेलेला माणूस असतो, आणि सत्कर्म करूनही दुर्गतीला गेलेला असतो, मधे बरंच काही असतं, आधीचं, नंतरचं, मरतेवेळचं. म्हणजे ज्याला दिव्यदृष्टी आहे त्यालाही एक घटना बघून नियम काढायची परवानगी नाही, मग दवाखान्यात सफरचंद घेऊन आलेल्या माणसाला कुठून असणार?

दुसरं म्हणजे सुभाला जे सांगितलं ते कोणाला सांगितलं आणि कशासाठी, तर जिवंत, धडधाकट माणसाला, की तू आज काठी उचलतोस तर त्याचा परिणाम असतो, उचलू नकोस. ते आजपासून पुढे बघायचं वचन आहे. आजारी माणसाकडे बोट दाखवून मागे मोजत जायचं त्यात कुठेच नाही. आणि मागे मोजायला लागलं तर काय होतं तेही अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात लिहिलंय, चार गोष्टी अचिंत्य आहेत, बुद्धांचा विषय, ध्यानाचा विषय, कर्माचा विपाक, आणि जगाच्या आरंभाची चिंता. यांचा विचार करत बसेल तो वेडाचा आणि त्रासाचाच धनी होईल असं स्पष्ट आहे.

आणि मिलिंदपञ्ह या जुन्या पाली संवादग्रंथात हाच प्रश्न राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना विचारतो, की बुद्धांची सगळी अकुशल कर्मं जळून गेली असतील तर देवदत्तानं ढकललेल्या दगडाची चीप पायाला लागून रक्त कसं आलं. नागसेन हेच सीवक सुत्तातले आठ प्रकार सांगतात आणि म्हणतात की कर्मविपाकानं होणारं थोडं, बाकीच्या कारणांनी होणारं जास्त, मूर्ख लोक सगळंच कर्मानं होतं म्हणून ताणतात. पुनर्जन्म मानणारी परंपराच हे म्हणतेय, मी आधुनिक काहीतरी घुसडत नाहीये.

थेरवाद_पुणे

महाकम्मविभंगचा मुद्दा बरोबर आहे. तीन जन्मांच्या अर्थाबद्दल मी माझ्या जागी ठाम आहे, पण आजारी माणसाच्या बाबतीत मागे मोजायचं नाही हे पूर्ण मान्य.

पिंपळपान_भंडारा

सगळ्यांचे किती आभार मानू. मी काल रात्री हे सगळं ताईला फोनवर वाचून दाखवलं, सीवक सुत्ताचं ऐकून ती बराच वेळ रडली, मग म्हणाली पुन्हा वाच.

पण आता तिचा वेगळाच प्रश्न निघाला आणि तो मला जास्त जड जातोय. लॅबवाला दादांचं वाचल्यावर ती म्हणते म्हणजे कारण मीच ना. माझं एक आणि तिच्या बाबांचं एक. मागचा जन्म सुटला पण हे कसं सुटणार. मी म्हटलं अगं तुला माहीत नव्हतं, तर म्हणते माहीत नसलं तरी दिलं तर मीच ना. यावर काय सांगू? आणि पोरगी दुखताना विचारते मावशी मी काय केलं, तिला नऊ वर्षांच्या मुलीला कळेल असं काय सांगायचं?

उदान_वाचक

ताई, यासाठी शालिस्तंब सूत्र आहे. महायानाचं आहे पण जुनं आहे, राजगृहाच्या गृध्रकूटावर भाताच्या लोंबीवरून सगळं समजावलंय, आणि तुम्ही भंडाऱ्याच्या म्हणजे धानाच्या जिल्ह्यातल्या, तुमच्या ताईला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

त्यात हेतू (मूळ कारण) आणि प्रत्यय (सोबतची अनुकूल परिस्थिती) असे दोन भाग केलेत. बियापासून कोंब, कोंबापासून पान, पुढे देठ, लोंबी, दाणा, हा हेतूचा क्रम. आणि माती, पाणी, ऊब, वारा, मोकळी जागा आणि ऋतू हे सहा प्रत्यय, यातलं एक जरी नसलं तरी बी असून कोंब येत नाही. इथपर्यंत लॅबवाला दादांनी जे सांगितलं तेच, जीन असलं तरी थंडी, तहान, ताप आल्याशिवाय क्रायसिस येत नाही. पण पुढची ओळ ताईसाठी आहे. सूत्र म्हणतं की बियाला असं वाटत नाही की मी कोंब उगवतोय. मातीला वाटत नाही मी बियाला धरून ठेवलंय. पाण्याला वाटत नाही मी भिजवतोय. ऋतूला वाटत नाही मी पिकवतोय. कोंबालाही वाटत नाही की मला यांनी उगवलं. आणि तरीही हे सगळं जमलं की कोंब येतो. तो कोंब स्वतः केलेला नाही, दुसऱ्यानं केलेला नाही, ईश्वरानं केलेला नाही, आणि विनाकारणही नाही.

म्हणजे ताई, कारण असणं आणि दोषी असणं या दोन गोष्टी धम्मात एक नाहीतच. कर्म कशाला म्हणायचं तर चेतनेला, असं भगवंतांनी स्वतः सांगितलंय, मनात ठरवून केलेलं ते कर्म. तुमच्या ताईनं काय ठरवलं होतं? लेकरू व्हावं, सुखी व्हावं. तिची चेतना तेवढीच होती. जे तिच्या रक्तातून गेलं ते तिच्याही आईबापांकडून आलेलं, त्यांच्याही, आणि त्यामागे मलेरिया आणि जंगल आणि हजारो वर्षं. त्यात कुठेही बोट ठेवून इथे पाप झालं असं म्हणता येत नाही.

आणि ती काय काय देतेय ते पण बघायला सांगा. रात्री पाय चोळते, पाणी देते, मोजे घालते, दवाखान्यात उपाशी बसते. भाचीच्या प्रत्ययांमध्ये ताईचे हात आहेत, रोजच्या रोज. थंडी हे कारण असेल तर स्वेटर हे पण कारणच आहे.

इगतपुरी_साधिका

मैत्री. मी फार अभ्यासू नाही, धम्मगिरीला गोएंका गुरुजींच्या परंपरेत विपश्यनेची शिबिरं केलीत आणि अजून करते, तेवढ्यावर लिहिते.

बारा कड्यांमध्ये आमच्याकडे सगळा भर एका जागेवर असतो, वेदना आणि तृष्णेच्या मधे. शरीर आहे, सहा इंद्रियं आहेत, स्पर्श होणार, वेदना होणार, इथपर्यंत आपल्या हातात फारसं काही नाही. पण वेदना झाल्यावर हे नको, हे का, मलाच का, हे जे सुरू होतं ती पुढची कडी, आणि तिथे साखळी सैल करता येते. भगवंतांनी सांगितलंय की न शिकलेल्या माणसाला दुखलं की दोन वेदना होतात, एक शरीराची आणि एक मनाची, शिकलेल्याला एकच. त्या बाईंच्या बोलण्यानं जे झालं ते ही दुसरी वेदना आहे ताई, आणि ती पोरीला पण झाली आणि तिच्या आईला पण. सिकलसेल तुम्ही काढू शकत नाही पण ही दुसरी नक्की काढू शकता.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण याचा गैरअर्थ मी ऐकलाय. याचा अर्थ लेकराला सांगायचं की दुखतंय ते नुसतं बघ, समता ठेव, असा अजिबात नाही. क्रायसिसमध्ये पेनकिलर द्यायची, सलाईन लावायची, दवाखान्यात न्यायचं. औषध हा पण प्रत्यय आहे. साधना मोठ्यांनी करायची, म्हणजे आपण घाबरलेलो नसलो की लेकरू पण कमी घाबरतं.

पोरीला काय सांगायचं विचारलंत ना. मी तरी एवढंच सांगेन की तू काहीच केलं नाहीस बाळा, तुझ्या रक्तातल्या पेशी थंडीत वाकड्या होतात म्हणून दुखतं, पाणी पिलं आणि ऊब मिळाली की त्या परत नीट चालतात, चल पाणी पिऊ. खरं आहे ते सांगायचं आणि लगेच काहीतरी हातात द्यायचं.

लॅबवाला_गडचिरोली

वाकड्या झालेल्या काही पेशी परत सरळ होतात हे खरं, सगळ्या नाही होत. पण लेकराला सांगायला हे चालेल, डॉक्टरही असंच सांगतात. फक्त पाण्यानं दुखणं थांबेल असं मात्र नका सांगू, नाही थांबलं तर तिला वाटेल मी कमी प्यायले म्हणून, मग पुन्हा तेच, माझंच चुकलं. असं सांगा की पाणी मदत करतं, गोळी मदत करते, डॉक्टर मदत करतात.

आणि तुमच्या ताईला माझ्यातर्फे सांगा की माझ्या टेबलावर रोज एएस रिपोर्ट येतात, मास्तर, पोलीस, शेतकरी, नर्स, सगळे. यातल्या एकालाही मी दोषी समजत नाही.

निळं_आभाळ

उदान दादा, महावग्गातली ती आजारी भिक्खूची गोष्ट पण लिहा ना इथे, मला नीट आठवत नाही पण ती इथे पाहिजेच.

उदान_वाचक

हो, बरी आठवण केली. एका भिक्खूला पोटाचा आजार झालेला, स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंत आनंदासोबत विहारात फिरताना तिथे येतात. त्यांनी काय विचारलं बघा. तुला काय झालंय? पोटाचा आजार आहे भंते. तुझी सेवा करायला कोणी आहे का? नाही भंते. का नाही? मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही म्हणून ते माझी सेवा करत नाहीत. तीन प्रश्न, आणि त्यात एकदाही असं नाही की तू पूर्वी काय केलं होतंस. मग आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, एकानं डोक्याकडून एकानं पायाकडून धरून खाटेवर निजवलं. नंतर भिक्खूंना बोलावून सांगितलं की तुम्हाला इथे ना आई आहे ना बाप, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजारी माणसाची करावी.

ज्यांनी प्रतीत्यसमुत्पाद शोधला ते आजाऱ्याजवळ गेल्यावर कोणती कारणं विचारतात ते यात आहे. आजार काय, आणि सेवेला कोणी का नाही.

पिंपळपान_भंडारा

हे प्रिंट काढून ताईला देते. आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा पंधरा मिनिटं वाचन असतं, तिथे सीवक सुत्त आणि ही महावग्गातली गोष्ट वाचायची परवानगी विचारणार आहे, त्या बाई पण येतात वंदनेला. त्यांना टोचायला नाही, त्यांनाही कोणी हे सांगितलेलंच नसणार. देवनागरीत मूळ पाली कुठे मिळेल? आणि निळं_आभाळ दादा, निवेदनाचं खरंच करायचं आहे, आमच्या तालुक्यात एसएसची अजून बरीच लेकरं आहेत.

उदान_वाचक

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं अख्खं छट्ठ संगायन त्रिपिटक देवनागरीत छापलंय आणि त्यांच्या साईटवर, मोबाईल अ‍ॅपवर फुकट आहे. संयुत्त निकाय उघडा, सळायतनवग्ग, त्यात वेदनासंयुत्त, शेवटच्या वग्गाचं पहिलंच सुत्त सीवक. महावग्ग विनयपिटकात, चीवरक्खन्धकात आजारी भिक्खूची कथा. वाचताना पाली दोन ओळी आणि मग मराठी असं घेतलं तर लोक ऐकतात. मराठी मी करून उद्या इथेच टाकतो, बोलीत ठेवतो.

निळं_आभाळ

नक्की ताई. तालुक्याचं नाव, अंदाजे किती मुलं, गोळ्या कुठल्या महिन्यात मिळाल्या नाहीत, रक्तासाठी कुठपर्यंत जावं लागतं एवढं गोळा करा, मुलांची नावं लिहू नका. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी दोघांच्या नावानं करू. लॅबवाला भाऊ, तपासणीबद्दलचा परिच्छेद तुम्ही बघून द्याल का?

लॅबवाला_गडचिरोली

देतो. पाठवा.